टाचांच्या भेगा आणि आपला धर्म



विहार करत संघ गावात आला की आर्यिका माताजींच्या पायांना तेल चोळायला आपण सगळ्या पुढे होतो. डांबरी रस्त्याने मैलोन्‌मैल अनवाणी चाललेले ते पाय, तळव्याला फोड, टाचा फुटलेल्या. ती सेवा करताना कुणालाही शृंगार आठवत नाही. वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक आहे, हे पाठशाळेतल्या मुलींनाही ठाऊक असते. पण आपल्याच टाचेतून रक्त आले तर आपण म्हणतो, "आता या वयात पायांचे काय लाड करायचे?" मला हे पटत नाही. देहाची आसक्ती वेगळी आणि देहाची निगा वेगळी. ज्या पायांवर उभे राहून आपण अभिषेक पाहतो, कायोत्सर्ग करतो, जिंतूरजवळच्या नेमगिरीचा डोंगर चढतो, ते पाय धड ठेवणे यात कसला शृंगार?

टाचा फुटतात त्याला कारण आहे. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात. त्यामुळे तिथला मऊपणा बाहेरूनच द्यावा लागतो. त्यात आपला परभणीचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडणारा, हिवाळ्याची हवा कोरडी, धुण्याभांड्याचे साबणाचे पाणी आणि फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभे राहणे. मागून उघड्या चपलेत वजनाने टाच बाजूला पसरते आणि कोरडी कातडी चिरते. भेगांत धूळ आणि काळी माती बसली की दुखणे वाढते.

उपाय साधा आहे. अर्धी बादलीही नको, घमेल्यात पाय बुडतील एवढे गाळलेले कोमट पाणी पुरे. दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवा. मग वज्रीने हलक्या हाताने, फक्त जाड झालेल्या जागी घासा. रक्त येईपर्यंत घासले की कातडी पुढच्या वेळी आणखी जाड येते. ब्लेड तर कधीच लावू नका. पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर तिथे चिखल्या होतात. कातडी किंचित ओलसर असतानाच टाचांना कोकम तेल, खोबरेल, एरंडेल किंवा घरचे तूप लावा आणि सुती मोजे घालून झोपा. तेल बेचक्यांत लावू नका. कोकम तेलाचा गोळा थोडा गरम करून भेगांत भरणे हा आपल्या आज्यांचा उपाय आजही उत्तम आहे. रोज न चुकता केले तर पंधरा दिवसांत फरक दिसतो. एकदाच तासभर खपून मग महिनाभर विसरलात तर काही दिसणार नाही.

आता अहिंसेचे बोलू. मध आणि लिंबाचा लेप लावा, असे जो तो सांगतो. जो मध आपण ताटात घेत नाही, तो पायाला का लावावा? लिंबू तर भेगांत झोंबते आणि कातडी आणखी कोरडी करते. विकतच्या क्रीमचेही तेच. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो, तशी डबीमागची यादीही वाचा. बीजवॅक्स म्हणजे मधमाशीचे मेण, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीचेही असते आणि चरबीचेही, म्हणून डबीवर तसा खुलासा आहे का ते पाहावे. साधी पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनते. डॉक्टर युरियाचे क्रीम देतात, तो युरिया कारखान्यात तयार झालेला असतो, त्याला घाबरू नका.

सर्वांत महत्त्वाचे मधुमेहाचे. आपल्यात तो घरोघरी आहे. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि कधी कधी बोट किंवा पाऊल गमवावे लागते. अशा बहिणींनी गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये, पाय कोमट पाण्याने धुवावेत आणि पाणी आधी कोपराने पाहावे. तळवे रोज आरशात बघावेत किंवा सुनेला बघायला सांगावे. जखम, लाली, सूज दिसली की घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. भेगा कशानेच बऱ्या होत नसतील तर थायरॉइड आणि बुरशीचीही तपासणी करावी.

म्हणूनच मंदिरांच्या विश्वस्तांकडे माझी एक मागणी आहे. चैत्र-वैशाखात दुपारी अंगणातली फरशी तव्यासारखी तापते. प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची चटई अंथरायला फार खर्च येत नाही. मधुमेही श्रावक-श्राविकांना मंदिरापुरते राखून ठेवलेले, रोज धुतलेले सुती मोजे घालू द्यावेत. काही जणी म्हणतील, मोज्यांनी पावित्र्य जाते. पण अनवाणी जाण्याचा हेतू विनय आणि जीवरक्षा हा आहे. स्वच्छ मऊ मोज्याने यातले काय मोडते? उलट भाजलेल्या पायाने लंगडणारी बाई खाली जीव बघून पाऊल टाकू शकत नाही. तोवर आपणही दर्शनाला सकाळी लवकर जावे.

आणखी एक. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे पाय कधी पाहिलेत? चार घरांच्या साबणाच्या पाण्यात त्या अनवाणी उभ्या असतात. मोरीत घालायला रबरी चपलांचा एक जोड आणि खोबरेलाची एक बाटली त्यांच्यासाठी ठेवा. मुंगी वाचवायला चार हात पुढे पाहून चालणाऱ्या आपण, शेजारी उभ्या असलेल्या पंचेंद्रिय जीवाच्या वेदनेकडे पाठ कशी फिरवायची?

साधूंची सेवा करतोच, करतच राहू. पण आज रात्री प्रतिक्रमण झाल्यावर पाच मिनिटे सासूबाईंचे तळवे दिव्याच्या उजेडात नीट पाहा आणि मग स्वतःचेही.