बंद खोक्यातले शूर वीर

माणसं काय काय जमवतात! कुणी तिकिटं जमवतो, कुणी काडेपेट्या, कुणी नुसतेच शत्रू. आपली हरकत नाही. पण ‘ट्रान्सफॉर्मर्स’ जमवून त्यांचा खोका जन्मात न फोडणारे जे संग्राहक आहेत ना, त्यांच्याशी आपलं उघड वैर!

अहो, हे खेळणं म्हणजे काय? जपानच्या ताकारा कंपनीची तयार खेळणी घेऊन, त्यांचं नवं बारसं करून, अमेरिकेच्या हॅसब्रोने १९८४ साली ही फौज बाजारात आणली. ट्रकचे सांधे फिरवले की रोबो, रोबो दुमडला की ट्रक. रूप पालटणं हाच याचा धर्म. आणि ही मंडळी त्याला सीलबंदच ठेवतात, वर पारदर्शक पेटीत घालून शंभरपैकी गुण लावून आणतात. परीक्षेला न बसता ८५ मार्क!

त्यापेक्षा परीक्षण लिहिणारा परवडला. ‘गुडघा ढिला आहे’ म्हणून तो नाकं मुरडतो खरा, पण निदान गुडघा वाकवून तरी बघतो.

बरं, जपून तरी काय साधतं? १९८०च्या दशकाच्या अखेरच्या काही खेळण्यांतलं सोनेरी प्लॅस्टिक काळाने इतकं ठिसूळ होतं, की खोक्यातल्या खोक्यात तडकतं. आजीचा ठेवणीतला शालू नाही का, न नेसताच घडीवर विरतो!

तेव्हा फोडा तो खोका. किंमत उतरेल, कबूल. पण चाळीस वर्षं अवघडून बसलेल्या त्या बिचाऱ्याला एकदा तरी हातपाय ताणू द्या!