'हरित' या विशेषणाचे भाडे

विशेषणांकडे संशयाने पाहावे, हे साहित्याच्या वर्गात आपण शिकतो आणि शिकवतो. मग ज्या विशेषणाला आज प्रति चौरस फूट भाव मिळतो, त्याच्याकडे काणाडोळा का करावा? वांद्रे-कुर्ला संकुलापासून पुण्याच्या खराडीपर्यंत कार्यालयीन इमारतींच्या जाहिरातींत 'हरित' हा शब्द मंगलाचरणासारखा येतो. तो येतो, कारण तो भाडे वाढवतो.

हा निव्वळ कुत्सितपणा नव्हे. आयखहोल्ट्झ, कॉक आणि क्विग्ली या अभ्यासकांनी अमेरिकेतील कार्यालयीन इमारतींची तुलना करून २०१० साली दाखवून दिले, की मानांकित इमारतीचे भाडे तशाच पण मानांकन नसलेल्या इमारतीपेक्षा सुमारे ३ टक्के अधिक असते. किती जागा भरलेली आहे हे हिशेबात घेतले तर फरक ७ टक्क्यांच्या वर जातो आणि विक्रीची किंमत सुमारे १६ टक्क्यांनी चढते. बाजाराचे स्तुतिपाठक असे आकडे पताकांसारखे फडकवतात: शहाणपणाला मोल मिळतेच आहे, मग सक्ती कशाला? परंतु त्याच निबंधाचा दुसरा निष्कर्ष ते गिळून टाकतात. या वाढीव मोलात ऊर्जाबचतीचा वाटा आहे, तसाच नुसत्या नाममुद्रेचाही आहे. म्हणजे शब्द स्वतःच भाडे कमावतो.

असे का व्हावे? काचेची भिंत मालक उभारतो. तिच्यातून आत आलेल्या उन्हाचे बिल बहुधा भाडेकरू भरतो. मालकाने उत्तम शीतयंत्रणा बसवली तर बचत भाडेकरूची, न बसवली तर भुर्दंडही त्याचाच. अशा व्यवहारात मालकाला दारावरच्या पाटीची गोडी अधिक वाटणार, हे उघड आहे. शिवाय नव्या इमारतींचे प्रचलित मानांकन बव्हंशी आराखड्यावर आणि संगणकाने वर्तवलेल्या वापरावर मिळते. प्रस्तावना वाचून कादंबरीला पारितोषिक द्यावे, तसा हा प्रकार!

प्रत्यक्ष वापर मोजता येत नाही, असे मात्र नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ साली कार्यालयांसाठी तारांकन सुरू केले, ते वर्षभरात प्रति चौरस मीटर खरोखर किती युनिटे जळली यावर. पण ते ऐच्छिक. ज्याचे बिल लाजिरवाणे, तो परीक्षेला बसेल कशाला?

वापर भाडेकरूच्या सवयींवर अवलंबून असतो, हा आक्षेप खरा आहे. रात्रपाळीचे कार्यालय अधिक वीज खाणारच. म्हणून कामाचे तास आणि माणसांची संख्याही आकड्यासोबत नोंदवावी; आकडा लपवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली लीव्हर हाऊस उभे राहिले आणि काचेच्या कार्यालयांची फॅशन जगभर गेली. आपण ती उष्ण, दमट मुंबईत आणली. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या सावलीदार कमानी डोळ्यांसमोर असताना आणली. त्याच न्यूयॉर्कने २००९ साली कायदा करून ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना दरवर्षीचा ऊर्जावापर जाहीर करायला लावला. पुढे ही मर्यादा २५,००० वर उतरली. आपण काच आणली, कायदा आणला नाही.

मागणी एवढीच, की मोठ्या कार्यालयांच्या प्रत्येक भाडेकरारात भाड्याच्या आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष वीजवापर लिहिणे सक्तीचे करावे. तोवर 'हरित' हे विशेषण विशेष्याविना लटकत राहील, आणि त्याचे भाडे मात्र दरमहा वसूल होत राहील.