बाळाला पालथं घालायला घाबरता कशाला?

सख्यांनो, आज जरा स्पष्ट बोलते. आपल्या घरात तान्हं बाळ दिवसभर या कडेवरून त्या कडेवर फिरतं, नाहीतर पाळण्यात उताणं पडून असतं. ‘जागं असताना रोज थोडं पालथं घाला,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आजी म्हणते, पोट दबेल. आत्या म्हणते, अजून मान कुठे धरलीय! आणि बाळाने जरा सूर लावला की सगळ्याच आईवर येतात, ‘उचल गं, कशाला छळतेस लेकराला?’

मला यातलं एकही पटत नाही. न्हाऊ घालणारी बाई तेच बाळ आपल्या पसरलेल्या पायांवर पालथं घेऊन पाठ चोळते, तेव्हा कुणाला पोट दबल्याचं वाटत नाही. मग आईने सतरंजीवर घातलं तर छळ कसा? आणि मान धरेपर्यंत थांबणं तर उलटंच आहे. डोकं उचलायच्या त्या धडपडीनेच मान, खांदे, पाठ बळकट होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, अजून हिंडत-फिरत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. एकदम अर्धा तास नव्हे! सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दूध पाजल्यावर लगेच नको. लंगोट बदलल्यावर किंवा झोपून उठल्यावर बरं. सतरंजीवर रडत असेल तर आधी स्वतः रेलून बसा आणि छातीवर पालथं घ्या. नंतर खाली, छातीशी पंचाची गुंडाळी देऊन, हात पुढे काढून. समोर आपणही आडवं व्हायचं, बोलायचं, खुळखुळा दाखवायचा. कुरकुर चालेल, जोरात रडलं की उचला, पुन्हा संध्याकाळी.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही. पालथ्या बाळाजवळून क्षणभरही उठायचं नाही, गादी-उशीवर ठेवायचं नाही. आणि डुलकी लागली की लगेच उताणं करायचं, झोप उताणीच. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जमिनीवर ठेवायला जीव घाबरतो आणि सहाव्या महिन्यात हौसेने वॉकर आणतो! कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. ते पैसे वाचवा. आणि आजीला बाळासमोर टाळ्या वाजवायला बसवा. पोट दबतं का, हे तीच सांगेल.