हेडलाइटच्या आत धुकं आहे की पाणी?

पावसाळी रात्रीनंतर हेडलाइटची काच आतून धुरकट दिसली की वाटतं, आता लाइट बदलण्याचा खर्च आला. थांबा, आधी नीट बघा.

हेडलाइट म्हणजे पूर्ण बंद डबा नव्हे. दिवा तापला की आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, निवला की बाहेरची आत येते. त्यासाठी मागे बारीक वाट ठेवलेली असते. हवेबरोबर बाष्पही आत येतं आणि गार काचेवर जमतं, थंड पाण्याच्या ग्लासावर जमतं तसंच.

बेंगळुरू सुमारे 900 मीटर उंचीवर. पावसाळ्यातल्या रात्री गार, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊसही जोरात. त्यात इलेक्ट्रॉनिक सिटीत घर आणि ऑफिस जवळजवळ असेल, तर गाडी दहा मिनिटं चालते आणि दिवसभर बेसमेंटमध्ये उभी राहते. ओल सुकायला वावच मिळत नाही. एलईडी दिव्यांची काच हॅलोजनइतकी तापत नाही, म्हणून तिथे धुकं जास्त वेळ टिकतं.

फरक असा ओळखा. पातळ धुकं असेल आणि लाइट लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर विरत असेल, तर काळजी नको. पण मोठे थेंब, ओघळ किंवा तळाशी पाणी दिसलं, किंवा एकाच बाजूचा दिवा सतत ओला राहिला, तर ती गळती समजा.

गळती असेल तर मागची रबरी कॅप आधी तपासा. बल्ब बदलताना ती बऱ्याचदा नीट बसत नाही. काचेला तडा आहे का, कडेचं सील सुटलंय का, तेही पाहा. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पाणी निघावं म्हणून भोक पाडू नका; त्यातून पाणी आणि धूळ दोन्ही आत जातील. हवेची वाट सिलिकॉनने बुजवू नका. गाडी धुताना जोराचा फवारा दिव्याच्या सांध्यावर मारू नका.

साचलेल्या पाण्याने आतला आरसा काळवंडतो, जोडण्या गंजतात, प्रकाश विखुरतो. टेललाइटचं दुखणं तर चालकाला दिसतही नाही. आज अंधार पडल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून उभी करा आणि ब्रेक दाबा. दोन्ही बाजूंचा लाल उजेड भिंतीवर सारखा पडला, तर होसूर रोडवर मागून येणाऱ्यालाही तुम्ही वेळेत दिसाल.