घसा बसला तर सांगतो; मन बसले तर?

गवयाचा घसा बसला की साऱ्या गल्लीला कळते. घरात ज्येष्ठमधाची काडी शोधली जाते, शेजारच्या काकू हळदीचे दूध पाठवतात, क्लास बुडाला म्हणून विद्यार्थ्यांचे पालक कुरकुर करीत नाहीत आणि कार्यक्रमाचे संयोजकही 'आधी तब्येत सांभाळा' म्हणतात. घसा बसण्यात लाज कसलीच नाही. पण त्याच गवयाचे मन बसले, रात्रीची झोप उडाली, पेटी समोर असून भात्याला हात लावावासा वाटेना, तर? मग तो 'जरा ताप आहे' असे सांगतो आणि आपणही ते खरे धरून चालतो. गळ्याचे दुखणे जितक्या सहज सांगता येते तितक्याच सहज मनाचे दुखणे सांगता आले पाहिजे. आणि ही सोय करून देणे हे एकट्या कलावंताचे काम नव्हे. त्याच्याकडून गाणे घेणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.

कलावंत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईच्या महोत्सवातले चेहरे येतात. इथे प्रश्न आहे तो तालुक्याच्या गावी राहून, कुठल्याही पगारपत्रकावर नाव नसताना, संगीतावर घर चालवणाऱ्यांचा. आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारी दप्तरी तो अहिल्यानगर झाला, बोलण्यात अजून नगरच आहे) अशी घरे पुष्कळ आहेत. ज्या नेवाशात तेराव्या शतकात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या मुलखात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची गरज कधीच संपलेली नाही. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची प्रचंड गर्दी सर्वांना ठाऊक आहे. पण लहानसहान गावातही वर्षाचा हरिनाम सप्ताह चुकत नाही आणि पेटी-पखवाजाशिवाय तो उभा राहत नाही.

या माणसांचे वर्ष कसे जाते ते पाहा. सकाळी दोन-चार शिकवण्या, दुपारी एखाद्या शाळेत तासिकेवर गाणे, संध्याकाळी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षेची तयारी. श्रावणात सप्ताह, भाद्रपदात गणपतीची आरास आणि ऑर्केस्ट्रा, दिवाळीत पहाटेची मैफल, मग लग्नसराई. मधूनच नाट्यस्पर्धेचे पार्श्वसंगीत, निवडणूक आली तर प्रचाराचे गाणेसुद्धा. ख्यालाची तालीम घेतलेला माणूस भजन, भावगीत, लावणी, जाहिरात सारे करतो. त्यात कमीपणा नाही. उलट ही अष्टपैलू मेहनत आहे. पण त्यात आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि पाकीट कधी मिळेल, मिळाले तर त्यात किती असेल, हे उघडून पाहीपर्यंत कळत नाही. कधी कधी पाकिटाऐवजी नुसता नारळ आणि शाल मिळते. राज्य सरकारचे ज्येष्ठ कलावंतांसाठी मासिक मानधन आहे, पण ते पन्नाशीनंतरचे. मुलांच्या फीचे आणि घरभाड्याचे दिवस त्याच्या आधीच येऊन गेलेले असतात.

हे आजचेच आहे असेही नाही. राजाश्रय सुटल्यावर विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून मैफली केल्या, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गवयाला समाजात मान मिळवून दिला. तरी त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत शेवटी कर्जापायी लिलावात गेलीच. वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे लहानपणी भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाले, ख्याल, ठुमरी, नाट्यगीत सारे गायले. तरी उमेदीची वीसहून अधिक वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मधला त्यांचा खाँसाहेब रसिकांनी डोक्यावर घेतला, तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटून गेली होती. एवढ्या मोठ्या गळ्याला जर फायलींचा आधार घ्यावा लागला, तर राहुरी-श्रीगोंद्याच्या तबलजीने कशाचा घ्यावा?

मग २०२० चा मार्च आला. त्या वर्षीची लग्नसराई गेली. देवळांची दारे बंद झाली, ती नोव्हेंबरात उघडली. पुढच्या एप्रिलात पुन्हा मिटली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात उघडली. सप्ताह नाहीत, गणपती नाहीत, शाळाही नाहीत. शेतकऱ्याचे नुकसान पंचनाम्यात येते. पेटीवाल्याच्या बुडालेल्या हंगामाचा पंचनामा कोण करणार? त्या दिवसांत वाद्ये विकली गेली, काहींनी भाजीची हातगाडी लावली. उत्पन्न पुढे हळूहळू सावरले. पण उद्याची खात्री एकदा गेली की मनाचा ठोका चुकतो, तो हंगाम परत आल्यावरही जागेवर येतोच असे नाही.

यावर आपले ठरलेले उत्तर असते : 'अहो, गाण्याने तर मन शांत होते, मग गाणाऱ्याच्या मनाला काय होणार?' गाणे ऐकणाऱ्याचे मन हलके होते हे खरे. पण गाणाऱ्याचे ते काम असते. हलवाई दिवसभर गोडाजवळ बसतो म्हणून त्याचे पोट भरत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली संगीत क्षेत्रातल्या दोन हजारांहून अधिक लोकांनी एका पाहणीला उत्तरे दिली. त्यांतल्या ७१ टक्के लोकांनी चिंतेचे व घाबरेपणाचे झटके अनुभवल्याचे सांगितले आणि सुमारे ६८ टक्के लोकांनी नैराश्य आल्याचे सांगितले. उत्तरे आपणहून दिलेल्यांची ही पाहणी, म्हणून आकडे जपून घ्यावेत. पण त्यांनी दिलेली कारणे आपल्या ओळखीची आहेत. अनिश्चित मिळकत, रात्री-बेरात्रीचे काम, आणि सतत दुसऱ्याच्या पसंतीवर अवलंबून असलेली स्वतःची किंमत.

दुसरे उत्तर 'रियाज वाढव' हे. इथे कुमार गंधर्वांची आठवण करावी. ऐन विशीत त्यांना क्षयाने गाठले. देवासला अंथरुणावर गेलेल्या त्या मुक्या वर्षांची कहाणी आपण किती अभिमानाने सांगतो! पण नीट पाहिले तर त्या कहाणीत भानुमतीबाईंची शुश्रूषा आहे आणि त्या काळी नवीनच आलेले स्ट्रेप्टोमायसिन आहे. क्षय रियाजाने बरा झाला नाही. औषधाने आणि माणसांच्या साथीने झाला, आणि १९५३ च्या सुमारास गाणे परतले. किशोरीताई आमोणकरांचाही आवाज तरुणपणीच गेला होता आणि उपचारांनंतर तो परत आला. फुप्फुस आणि गळा यांच्या कहाण्या आपण पुढच्या पिढीला सांगतो. मनाच्या दुखण्याची अशी एकही कहाणी आपल्या घराण्यांच्या बखरीत नाही. ती घडलीच नाही असे थोडेच आहे! तिला आपण दुसरी नावे दिली. गवई लहरी, तबलजी तऱ्हेवाईक, अमका फार 'घ्यायचा' पण काय वाजवायचा! बाटलीचे किस्से आपण हसत हसत सांगतो आणि घरच्या बाईने ते कसे सोसले ते विचारीत नाही.

या मौनाला तडा देणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात झाली. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर. देणगी देणारे पेटी वाजवणारे, घेणारे अवचट बासरी वाजवणारे. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नव्हे, हे त्या घराने हजारो कुटुंबांना शिकवले. कॅनडात प्राध्यापकी करणारे जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. पुण्यात त्या आजाराविषयी काम करणारी संस्था उभारली आणि २००४ चा 'देवराई' चित्रपट घडवण्यात पुढाकार घेतला. मनोविकारतज्ज्ञ आणि नट असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांचा 'कासव' नैराश्यावर बोलला आणि २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. डॉक्टर बोलले, नातेवाईक बोलले, रंगभूमी आणि चित्रपट बोलले. संगीताच्या बैठकीतून मात्र असा आवाज अजून क्वचितच ऐकू येतो. गायक असून 'मी औषध घेतो आणि म्हणून गाऊ शकतो' असे मंचावरून सांगणारा एक जण शंभर व्याख्यानांचे काम करील.

आपल्या जिल्ह्याला मनोरुग्णांची सेवा नवीन नाही. नगर-मनमाड रस्त्यावर शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी 'माऊली' उभी केली. तिच्यापुढे हात जोडावेतच. पण माणूस रस्त्यावर येईपर्यंत आपण थांबायचे का? २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला मनाचा काही ना काही आजार असतो आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण मिळावे असे तो सांगतो. १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून मोफत बोलता येते. रात्री दोनला कार्यक्रमाहून परतणाऱ्या वादकाला याहून सोयीचे काय?

बाकीचे आपल्या हातात आहे. सप्ताह समितीने आणि मंडळाने बिदागी आधी ठरवावी आणि कार्यक्रम संपताच द्यावी. थकलेले पैसे हेही झोप उडण्याचे एक कारण असते. तारीख चुकवणाऱ्याला पुढच्या वर्षी वगळण्याआधी एकदा घरी जाऊन विचारावे. गुरूने शिष्याला 'गळा कसा आहे' विचारताना 'झोप लागते ना' हेही विचारावे. गावोगावच्या वादकांनी महिन्याला थोडेथोडे काढून आजारपणाचा निधी उभा करावा. भिशी चालवणाऱ्या आपल्या लोकांना ते शिकवायला नको. आणि घरच्यांनी, विशेषतः आईवडिलांनी, मुलाने तानपुरा गवसणीतून काढायचे बंद केले तर आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे.

तानपुरा उतरला तर आपण त्याला दोष देत नाही. हवा बदलली असेल म्हणतो, खुंटी पिळतो, मणी सरकवतो, आणि जुळेपर्यंत मैफल थांबते. श्रोते त्याबद्दल कधी रागावलेले पाहिले नाहीत. तेवढा वेळ तो वाजवणाऱ्या माणसालाही मिळावा.