साठाचे एक कोटी

‘६० लाखांचा फ्लॅट दहा वर्षांनी एक कोटीला गेला’ असं कुणी लग्नाच्या पंगतीत सांगितलं, की ऐकणारे ४० लाखांचा फायदा मनात धरून मोकळे होतात. मधल्या खर्चाचं आणि दहा वर्षांचं काय, हे कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं, कारण असली वाक्यं ऐकून माणसं आयुष्याची पुंजी एका सहीनं गुंतवतात.

शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या माझ्या मावसबहिणीनं पुण्यात दुसरा फ्लॅट घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. ‘अगं, जागेत पैसा बुडत नाही,’ ती म्हणाली. ‘ताई, आधी मांडून तर बघू.’

किंमत ६० लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत, म्हणून ३ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. दलाली एक टक्का धरली. चावी हातात येईपर्यंत ६० चे साडेचौसष्ट झाले! दहा वर्षांनी एक कोटी आले, तर वाढ वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. भाडं १८ हजार धरलं. वर्षातला एक महिना घर रिकामं, सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि रंगरंगोटी वजा जाता वर्षाकाठी १ लाख ३० हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे दोन टक्के. दोन्ही मिळून साडेसहा. शिवाय २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराच्या विक्रीवर महागाईची वजावट नाही. दीर्घकालीन नफ्यावर सरळ साडेबारा टक्के कर. कर्ज काढून घेतलं, तर व्याजच यातलं बरंचसं खाऊन टाकतं.

याहून मला जास्त काळजी वाटते ती पैसा अडकण्याची. ताईची सगळी पुंजी एका इमारतीत जाणार. उद्या हॉस्पिटलचं बिल भरायची वेळ आली, तर मागची बेडरूम तेवढी विकता येत नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत महिनोन्महिने जातात, आणि अडलेल्या माणसाला भाव पाडूनच द्यावं लागतं.

बांधकाम चालू असलेलं घर थोडं स्वस्त पडतं, पण त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि ताबा लांबण्याची धास्ती वेगळीच. महारेरा २०१७ पासून आहे, त्याचा उपयोग करावा. संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही दिसतात. चालू असलेले दावेही पाहावेत. करार नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे पक्कं ठाऊक असावं. पैसे परत करण्याचा आदेश मिळाला, तरी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होईपर्यंत निवृत्त माणसाची वर्षं जातात.

राहायला घर हवं असेल, तर जरूर घ्यावं. तिथं टक्केवारी दुय्यम. उतारवयात भाड्यावर जगण्यासाठी म्हणून घेणं मला पटत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दरानं ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात पडतात. व्याजावर कर असतो, हे खरं, पण भाडेकरू शोधत फिरावं लागत नाही.

ताईनं फ्लॅटचे साडेसहा आणि योजनेचे ८.२ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि फ्लॅटचं टोकन द्यायचं थांबवलं. पुढच्या आठवड्यात ती पोस्टात जाणार आहे.