जुन्या गिटारची पारख

आपल्या व्यापारी घरांत जुन्या जिनसेची पारख कोणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. तरीही एके ठिकाणी आपला हात हमखास चुकतो. वस्तू विकण्यापूर्वी ती उजळून घ्यावी, असे आपल्याला वाटते. चांदीच्या तबकाला ते एक वेळ चालेल. जुन्या गिटारला चालत नाही.

मार्टिन या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घ्या. 1833 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली ही पेढी काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी गेली व आजही तेथेच आहे. 1898 पासून तिने प्रत्येक गिटारवर क्रमांक घातला. आरंभ 8000 पासून. मधल्या गोल छिद्रातून दिवा आणि छोटा आरसा आत धरला, की दांडीच्या मुळाशी असलेल्या लाकडी ठोकळ्यावर तो दिसतो. कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिले, की वर्ष कळते. एवढी चोख वही फार थोड्या वाद्यांच्या नशिबी आली आहे.

त्यानंतर लाकूड पाहतात. 1969 पर्यंत तिच्या उंची गिटारींची पाठ ब्राझीलच्या शिसवीची असे. पुढे कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक निर्बंध आहेत, त्यामुळे तिचा भाव चढाच राहिला. आपली शिसवी नादात कमी आहे, असे मात्र कोणी समजू नये.

परंतु खरा घोळ होतो तो पॉलिशपाशी. बोटांनी झिजलेला, बारीक तडे गेलेला मूळ लेप खरवडून नवा चढवला, तर किंमत साधारण निम्म्यावर येते. दांडीचा कोन सुधारून ती पुन्हा बसवणे, सुटलेली पट्टी चिकटवणे ही मात्र रास्त दुरुस्ती मानतात.

‘द हेटफुल एट’ या 2015 च्या चित्रपटासाठी मार्टिनच्या संग्रहालयाने 1870 च्या दशकातील एक गिटार उसनी दिली होती. प्रसंगात गिटार फोडायची होती. त्याआधी नक्कल हाती द्यावयाचे ठरले होते. ती अदलाबदल झालीच नाही आणि नट कर्ट रसेल यांनी अस्सल गिटारच आपटून फोडली. समोर बसलेल्या जेनिफर जेसन ली यांची किंकाळी अभिनयाची नव्हती. विम्यातून खरेदीची रक्कम, सुमारे 40,000 डॉलर, भरून मिळाली. हिशेब चुकता झाला; पण संग्रहालयाने त्यानंतर चित्रपटांना गिटारी देणे बंद केले.